घराच्या आवारात मोटरहोमला वीजजोडणी देताना अर्थिंग कसे असावे?

गोदाकाठ

नमस्कार. नाशिकला आमचे स्वतंत्र घर आहे. फाटकाच्या आत पेव्हर ब्लॉक घातलेल्या जागेत आमची मोटरहोम उभी असते. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या या गाडीत एक टनाचा एसी, फ्रिज, लहान गिझर, इंडक्शन शेगडी आणि लिथियम बॅटऱ्यांसह इन्व्हर्टर-चार्जर आहे. बांधणाऱ्या कारागिरांनी सोबत वीस मीटरची केबल दिली असून तिच्या टोकाला १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप आहे. तो आम्ही व्हरांड्यातील वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये लावतो.

अडचण अशी की पाऊस पडून गेल्यावर ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून गाडीच्या दाराच्या हँडलला हात लावला, तर हाताला झिणझिण्या येतात, आणि पत्र्याला टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. एका वायरमनचे म्हणणे असे की चार्जर असलेल्या गाडीत हे होतच असते. दुसऱ्यांनी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देण्याची तयारी दाखवली. घरात आईवडील आहेत, लहान मुलगी आहे आणि गाडीभोवती सर्वांचाच वावर असतो. म्हणून विचारतो की घरातील सॉकेटवर ही गाडी चालवावी का, की तिच्यासाठी वेगळी सोय करावी, आणि करायची तर तिच्यात नेमके काय काय असावे?

निवृत्त_तारतंत्री

गोदाकाठ, सर्वप्रथम एक विनंती. मोजमाप होईपर्यंत ती केबल घराला लावू नका. बॅटऱ्या गाडी चालवून किंवा छतावर सोलर असेल तर त्यावर भरता येतील. दुसऱ्या वायरमनने सुचवलेली जोड तर कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नका, त्याचे कारण पुढे सांगतो.

झिणझिण्या का येतात ते आधी पाहू. चार्जर, इन्व्हर्टर आणि नव्या धाटणीचे एसी यांच्या आत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. ते फेजपासून धातूच्या पेटीकडे आणि न्यूट्रलपासूनही त्याच पेटीकडे जोडलेले असतात. पेटी अर्थला नीट जोडलेली असेल तर त्यांच्यातून येणारा अगदी थोडा प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थ तुटलेला असेल तर मात्र गाडीचा सबंध पत्रा फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध, म्हणजे साधारण ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो. तो प्रवाह फार कमी असल्यामुळे माणसाला फक्त झिणझिण्या जाणवतात. पहिल्या वायरमनचे म्हणणे इतपत खरे आहे. परंतु त्यांनी त्यापुढचा निष्कर्ष सांगितला नाही. तुमच्या गाडीचा पत्रा जमिनीशी जोडलेला नाही, एवढेच त्या झिणझिण्या सांगत आहेत. उद्या गिझरच्या कॉइलचे किंवा एखाद्या वायरीचे इन्सुलेशन गेले, तर हाच पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर जाईल आणि कोणी हात लावेपर्यंत कोणालाही कळणार नाही.

घरातील फ्रिज किंवा वॉशिंग मशीनपेक्षा मोटरहोमचा प्रश्न वेगळा का, हेही लक्षात घ्यावे. घरात माणूस कोरड्या लादीवर, बहुधा चप्पल घालून उभा असतो. मोटरहोमचा सगळा पत्रा रबरी टायरांवर जमिनीपासून अलग उभा असतो आणि माणूस मात्र ओल्या मातीवर किंवा पेव्हरवर पाय ठेवून त्या पत्र्याला हात लावतो. म्हणजे जमीन आणि गाडी यांना जोडणारा एकमेव दुवा माणूस ठरतो. म्हणून सॉकेट कोणते, केबल किती जाड, हे सारे नंतर. आधी अर्थिंग पाहावे.

घाटवाट

तारतंत्री काकांच्या सांगण्याचा आदर आहे, पण मला वाटते की ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारे स्विच, बसवले की हा प्रश्न मिटतो. गळती झाली की ते लगेच पडते. मग नवा खड्डा खणून पाइप पुरण्याचा खर्च कशासाठी करायचा? आमच्या सोसायटीत तर खणायला जागाच नाही.

विद्युल्लता

घाटवाट, आरसीसीबी हवेच आणि त्याबद्दल दुमत नाही. परंतु आरसीसीबी अर्थिंगच्या जागी बसत नाही, आणि अर्थिंगही आरसीसीबीच्या जागी बसत नाही. दोन्हींपैकी एकच असेल तर काय होते ते आकड्यांत मांडते.

समजा अर्थिंग आहे, पण आरसीसीबी नाही. स्वतंत्र घरांत बहुधा ग्राहकाने आपले अर्थिंग स्वतः करायचे असते आणि महावितरणच्या रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) न्यूट्रल तिकडे आपल्या जागी जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे बिघाडाचा प्रवाह मातीतून परत जातो. तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम धरला आणि रोहित्राकडचा रोध सोडून दिला, तरी २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर एवढाच प्रवाह वाहील. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहावर वीज तोडणारा स्विच, त्यावर कधीच पडणार नाही. सी वळणाची (सी कर्व्ह प्रकारची) एमसीबी तत्काळ पडायची तर प्रवाह तिच्या क्षमतेच्या दहापट, म्हणजे १६० अँपिअर लागू शकतो, आणि त्यासाठी संपूर्ण मार्गाचा रोध दीड ओहमच्याही आत हवा. आपल्या मातीत एका पाइपवर तो मिळत नाही. तेव्हा पत्रा जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर राहील, मीटर फिरत राहील आणि एमसीबी चालूच दिसेल.

आता उलट बाजू. आरसीसीबी आहे, पण अर्थिंग नाही. अशा वेळी पत्रा जिवंत झाला तरी गळतीला वाट नसल्यामुळे आरसीसीबी पडत नाही. कोणी हात लावला की प्रवाह त्या माणसातून वाहतो आणि मगच ते पडते. नेमक्या ३० मिलिअँपिअरला पडण्यासाठी त्याला ३०० मिलिसेकंदांपर्यंत मुभा असते. बहुतेक वेळा माणूस वाचतो, पण झटका त्याला बसतोच. ज्या घरात वृद्ध आणि लहान मूल आहे तिथे ही चाचणी त्यांच्या शरीरावर होऊ देणे मला मान्य नाही.

दोन्ही असतील तर मात्र गणित फार सोपे होते. पत्र्यावर ५० व्होल्टपेक्षा जास्त टिकू द्यायचे नाही असे ठरवले, तर ५० भागिले ०.०३ म्हणजे सुमारे १,६६७ ओहमपर्यंतचा अर्थ हिशेबात चालतो. एवढा वाईट अर्थ अर्थातच ठेवायचा नाही, कारण २०० ओहमच्या वर गेलेला अर्थ ऋतुमानाप्रमाणे भरवशाचा राहत नाही. पण यावरून दिसते की आरसीसीबीबरोबर साधारण बरा अर्थही माणूस हात लावण्यापूर्वीच वीज तोडतो.

रानवाट

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि इथे घराजवळ मोटरहोम उभी करणाऱ्यांमध्ये हाच विषय सतत निघतो, म्हणून इथला अनुभव सांगतो. इथल्या बऱ्याच घरांना जी जोडणी मिळते तिच्यात पुरवठादाराची न्यूट्रल आणि संरक्षक अर्थ ही रस्त्यात एकच तार असते आणि ती वाटेत अनेक ठिकाणी जमिनीत पुरलेली असते. तिला पीएमई म्हणतात. ती तार रस्त्यात कुठे तुटली, तर घरातील उपकरणांतून परत निघालेला प्रवाह अर्थच्या तारेवरच चढतो आणि अर्थला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू वर उचलली जाते. घरातील नळ, पाइप, सांगाडा हे सर्व एकत्र बांधलेले असल्याने आतला माणूस त्यातल्या त्यात सुरक्षित राहतो. बाहेर गवतावर उभे राहून गाडीचे दार उघडणारा माणूस मात्र नाही. म्हणूनच २००२ च्या ब्रिटिश वीजनियमावलीच्या ९ व्या नियमाने अशी संयुक्त तार कॅराव्हॅन किंवा बोटीच्या धातूला जोडण्यास मनाई केली आहे. घरी जोडणी घेताना इथले जाणकार इलेक्ट्रिशियन त्या सॉकेटचा अर्थ घराच्या अर्थपासून तोडतात, स्वतंत्र रॉड ठोकतात आणि ३० मिलिअँपिअरचे संरक्षण देतात.

घाटवाट यांच्यासाठी यातील मुख्य गोष्ट अशी की या बिघाडात आरसीसीबी पडत नाही. ते फेज आणि न्यूट्रल यांतील प्रवाहांची तुलना करते, आणि इथे दोन्ही सारखेच असतात. धोका तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या तारेने गाडीवर चालून येतो आणि ती तार आरसीसीबी तोडतच नाही.

निवृत्त_तारतंत्री

रानवाट यांनी सांगितलेला धोका महाराष्ट्रातही आहे, फक्त तो आपल्याकडे दुसऱ्या दाराने येतो. अर्थिंग सुकले किंवा कुजले की अनेकदा मीटरच्या पाटीवर किंवा सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तारेचा एक तुकडा मारून दिला जातो. टेस्टर विझतो, झिणझिण्या थांबतात आणि काम झाले असे वाटते. पण मीटरपाशी असा तुकडा असेल आणि खांबावरची न्यूट्रल सुटली, तर घरात चालू असलेल्या पंख्यातून, दिव्यातून आणि गिझरमधून आलेली फेज थेट मोटरहोमच्या पत्र्यावर येते. फेज आणि न्यूट्रल उलटे लागले असतील तर न्यूट्रल सुटण्याचीही गरज नाही. वादळी पावसात खांबावरची न्यूट्रल सुटणे ही आमच्या नोकरीत नित्याची तक्रार होती. म्हणून वर ते जोडकाम करू देऊ नका असे आग्रहाने लिहिले.

असा तुकडा आधीच कुठे आहे का, हे शोधायला हवे. परवानाधारक माणसाने व्हरांड्यातील सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजावे आणि त्या वेळी गिझरसारखा मोठा भार त्याच ओळीवर चालू ठेवावा. दोन-तीन व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे. भार असूनही नेमके शून्य दिसले तर जवळपास तुकडा असल्याची दाट शंका घ्यावी. दहा-पंधरा व्होल्ट दिसले तर न्यूट्रल किंवा अर्थ सैल आहे. नंतर मेन दोन्ही पोलांनी बंद करून, इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावावा. तिथे जोड सापडता कामा नये.

फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून पाहण्याची जुनी रीत मात्र टाळावी. १०० वॉटचा दिवा जेमतेम अर्धा अँपिअर घेतो, त्यामुळे अर्थचा रोध ४०-५० ओहम असला तरी तो झगझगीत पेटतो आणि अर्थिंग उत्तम असल्याचा खोटा भरवसा देतो. शिवाय त्या क्षणी त्या अर्थला जोडलेले सगळे पत्रे वर उचलले जातात. अर्थ टेस्टरने, दोन सहायक खिळे ठोकून, तीही शक्यतो मे महिन्यात जमीन सुकलेली असताना मोजणी करावी.

कातळसडा

सिंधुदुर्गात आमच्या न्याहारी-निवासाच्या आवारात आम्ही कॅराव्हॅनसाठी जागा देतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण आल्यानंतर अशा गाड्या अधूनमधून येऊ लागल्या आणि त्यांच्या केबलींचे नाना प्रकार पाहायला मिळाले. एका गाडीच्या केबलला दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप होते. एक टोक आमच्या सॉकेटमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट उभे होते. गाडीवर पिना असलेला इनलेट असावा आणि केबलच्या त्या टोकाला भोकांचा कनेक्टर असावा, हे बांधणाऱ्यांनी पाळलेच पाहिजे.

कोकणच्या जांभ्यात अर्थ मिळवणे अवघड असते. मूळ पाइप कातळावर अडला म्हणून आम्ही तो अर्धवट ठेवला नाही. विहिरीच्या बाजूला माती खोल आहे तिथे ४० मिलिमीटर व्यासाचे आणि अडीच मीटर लांबीचे दोन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप एकमेकांपासून पाच मीटरहून अधिक अंतरावर पुरले आणि ते जोडले. दोन पाइप जवळजवळ पुरले तर दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. कोळसा आणि मीठ घालण्याची पद्धत आहेच, पण खाऱ्या हवेत मिठामुळे जीआय लवकर खातो, म्हणून चेंबर उघडून क्लॅम्प दरवर्षी पाहावा लागतो. आमच्याकडे प्रत्येक सॉकेटला वेगळे आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेले स्विच, आहे. त्यामुळे एका गाडीच्या ओल्या गिझरने दुसऱ्या गाडीची वीज जात नाही. मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की आम्ही पाहुण्यांना केबल काढून ठेवायला सांगतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. केबल काढून ठेवली आहे. आता असे विचारतो की घरचे अर्थिंग चांगले निघाले, तर गाडीसाठी वेगळा पाइप पुरावा की तेच वापरावे? आणि वेगळा पुरला तर दोन्ही जोडावेत की अलग ठेवावेत? इथे वायरमन मंडळींमध्येच दोन तट पडले आहेत.

विद्युल्लता

हा प्रश्न कळीचा आहे आणि त्याचे उत्तर घरचा अर्थ न्यूट्रलला कुठे जोडलेला आहे, यावर अवलंबून आहे.

तुमच्या घराचा अर्थ फक्त तुमच्या जमिनीत पुरलेला असेल आणि मोजमापात न्यूट्रलशी कुठेही जोड निघाली नाही, तर फाटकाजवळ नवा पाइप पुरून तो घराच्या अर्थला जोडणे सर्वांत चांगले. दोन्ही मिळून रोध कमी होतो आणि गाडी व घर यांच्या पत्र्यांमध्ये फरक राहत नाही. जोड सापडली, तर आधी ती काढून अर्थिंग दुरुस्त करावे आणि मग वरीलप्रमाणेच करावे. जोड पुरवठ्याच्या बाजूची असेल व ती काढणे आपल्या हाती नसेल, तरच रानवाट यांच्या पद्धतीने गाडीचा अर्थ पूर्ण अलग ठेवावा. तेव्हा एका माणसाचा एक हात गाडीला आणि दुसरा घराच्या ग्रिलला पोचणार नाही एवढे, म्हणजे दोन मीटरहून अधिक अंतर राखावे आणि आर्मर्ड केबलच्या चिलखतातून दोन्ही अर्थ नकळत जोडले जाणार नाहीत हे पाहावे.

घाटवाट यांच्या सोसायटीचे स्वतःचे रोहित्र असेल तर तिथे न्यूट्रल आणि अर्थ रोहित्रापाशी जोडलेले असतात आणि पुढे दोन वेगळ्या तारांनी येतात. त्या रचनेत पुढची न्यूट्रल तुटली तरी अर्थ वर उचलला जात नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक गाडीसाठी खड्डा लागेलच असे नाही. मात्र ती अर्थची तार पार्किंगपर्यंत खरोखर अखंड पोचते का, हे मोजून पाहिले पाहिजे. सामायिक मीटरवरून जोडणी घ्यायची तर समितीची लेखी परवानगीही घ्यावी.

बाकी सोय अशी करावी. व्हरांड्यातील सॉकेट सोडून द्यावे. घराच्या मुख्य पाटीवरून स्वतंत्र ओळ काढावी, तिच्या उगमाशी १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचे, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारे आरसीबीओ बसवावे. चार्जर आणि इन्व्हर्टर एसी यांच्या गळतीच्या प्रवाहाचा आकार बिघडलेला असतो, म्हणून आरसीबीओ अशी गळतीही ओळखणारे ‘ए’ प्रकारचे मागून घ्यावे. दुकानात न विचारता मिळते ते बहुधा ‘एसी’ प्रकारचे (फक्त साधी एसी गळती ओळखणारे) असते. तिथून फाटकापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तीन कोअर आर्मर्ड केबल सुमारे पाऊण मीटर खोल, वाळू आणि विटांखाली न्यावी. शेवटी झाकणाचे, पावसाच्या उडत्या पाण्याला दाद न देणारे निळे १६ अँपिअरचे इंडस्ट्रियल सॉकेट जमिनीपासून मीटरभर उंच बसवावे. थ्री-पिन सॉकेटच्या तुलनेत त्याची पकड घट्ट असते आणि रात्रभर एसी चालला तरी ते तापत नाही.

गाडीकडे जाणारी लवचीक केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, रबरी आवरणाची असावी. २५ मीटर लांबीवर १६ अँपिअरला तिच्यात सहा व्होल्टच्या आसपास घट येते. एक चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच घट पंधरा व्होल्टच्या घरात जाते आणि तेवढी उष्णता तिच्यातच मुरते. केबल उरली तरी गुंडाळी करून ठेवू नये, पूर्ण उलगडून पसरावी, कारण गुंडाळीच्या आतले वेढे थंड होऊ शकत नाहीत. भाराचाही विचार ठेवा. १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॉट. इंडक्शन दोन हजार, गिझर दीड-दोन हजार आणि एसी हजार-बाराशे घेतो, तेव्हा तिन्ही एकत्र चालणार नाहीत.

रानवाट

एक पुरवणी. लावताना केबल आधी गाडीला आणि मग भिंतीच्या सॉकेटला लावावी, काढताना आधी भिंतीकडून काढावी. म्हणजे हातातले टोक कधीही जिवंत राहत नाही.

गोदाकाठ

परवानाधारक ठेकेदारांकडून मोजणी झाली. व्हरांड्यातील सॉकेटचा अर्थ मध्येच तुटलेला निघाला, आणि मीटरच्या पाटीवर खरोखरच न्यूट्रल ते अर्थ असा जुना तुकडा सापडला. तो काढला आहे. घराच्या पाइपचा रोध ३४ ओहम आला, नवा पाइप पुरून दोन्ही जोडल्यावर १५ ओहम. निळे सॉकेट आणि आरसीबीओ बसले, झिणझिण्या पूर्ण थांबल्या. चाचणीचे बटण दाबले की आरसीबीओ लगेच पडते. आता एकच शंका उरली आहे. केबल काढून गाडी इन्व्हर्टरवर चालवली, तर आतल्या सॉकेटसाठी बसवलेले आरसीसीबी उपयोगी पडेल का?

विद्युल्लता

ते इन्व्हर्टरवर अवलंबून आहे. बाहेरची वीज नसताना इन्व्हर्टरने स्वतःची न्यूट्रल गाडीच्या पत्र्याला जोडली पाहिजे, नाहीतर गळतीला परत जायला मार्ग राहत नाही आणि आरसीसीबी पडत नाही. बाहेरची वीज आली की हीच जोड त्याने आपोआप सोडलीही पाहिजे, नाहीतर तुम्ही नुकताच मीटरवरून काढलेला तुकडा गाडीत पुन्हा बसल्यासारखे होईल आणि नवे आरसीबीओही विनाकारण पडत राहील. काही इन्व्हर्टरमध्ये यासाठी रिले असतो, काहींत नसतो. माहितीपुस्तिकेत तो आहे का पाहा आणि ठेकेदारांकडून दोन्ही अवस्थांत न्यूट्रल ते पत्रा मोजून घ्या. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण यासाठी पुरेसे नाही, कारण ते यंत्रणा आतल्या आत फिरवून पाहते आणि पत्र्याचा मार्ग तपासत नाही. इन्व्हर्टरवर चालू असताना गाडीच्या सॉकेटवर आरसीसीबी टेस्टर लावून ते पडते का, हे एकदा पाहून घ्यावे.